स्क्रू फिरवण्याआधी

आज स्वयंपाकघरातून थोडे बाहेर, अंगणात उभ्या असलेल्या गाडीपाशी येऊ या. लगेच पान उलटू नका हं! “गाडीचं बघायला घरात पुरुषमाणसं आहेत, गॅरेज आहे, आपल्याला काय कळतंय त्यातलं?” असे मीही कित्येक वर्षे म्हणत आले. गाडी चालवायची मी, पेट्रोल भरायची मी, पण बॉनेट उघडायचे म्हटले की हाक मारायची दुसऱ्याला. गेल्या नोव्हेंबरात राहुरीजवळ हे म्हणणे अगदी जिवाशी आले.

आमच्याकडे 1990 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मामंजींनी मोठ्या हौसेने घेतलेली. त्यांच्या माघारी ती आम्ही ठेवली, ती निव्वळ आठवण म्हणून नव्हे. सासूबाईंचे गुडघे पार गेलेले आहेत. एस.टी.ची पायरी त्यांना चढवत नाही. त्यांचे माहेर कोल्हारला. महिन्यातून एकदा भावाकडे जायचे, भगवतीचे दर्शन घ्यायचे, भावजयीशी चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलायच्या, एवढाच काय तो त्यांचा विसावा. पद्मिनीच्या मागच्या सीटवर त्यांना बसायला-उठायला सोपे जाते. “हे” कामानिमित्त आठवडाभर बाहेरगावी, म्हणून सारथ्य माझ्याकडे.

तर त्या दिवशी आम्ही दोघी निघालो. गाडीची तक्रार आधीपासून होतीच. पळताना बरी पळायची, पण सिग्नलला उभी राहिली की हिवताप भरल्यासारखी थडथडायची. मध्येच “फट्” असा आवाज, मध्येच श्वास अडकल्यासारखी गप्प. मेकॅनिकच्या भाषेत “स्लोमध्ये मिसिंग मारते”. राहुरीच्या अलीकडे गतिरोधक आला, मी पाय उचलला आणि गाडी बंद! किल्ली फिरवते, फिरवते, चालू होईना. मागून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. नगर-मनमाड रस्त्यावर हंगामात फिरणाऱ्या बायकांना ठाऊक असेल, भरल्या ट्रॉल्या काही लगेच थांबत नाहीत. त्या भल्या माणसाने कसाबसा ट्रॅक्टर बाजूला घेतला. उसाची टिपरे आमच्या काचेला घासून गेली. मग खाली उतरून त्यानेच गाडी कडेला ढकलून दिली आणि म्हणाला, “ताई, म्हाताऱ्या माणसाला घेऊन असल्या गाडीत फिरू नका. भंगारात द्या.”

घरी आल्यावर ह्यांचेही तेच मत पडले. त्याआधी तीन ठिकाणी दाखवून झाले होते. पहिल्याने नुसती रेस वाढवून दिली. आठ दिवस बरे गेले, मग पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्याने कुठलासा स्क्रू सैल केला. थडथड कमी झाली, पण पेट्रोलचा वास यायला लागला, मागच्या नळीला काजळी धरली आणि गाडी पी.यू.सी.च्या तपासणीत नापास. तिसऱ्याने सांगितले, कार्ब्युरेटरच बदला, आणि आकडा असा सांगितला की मी पर्स उघडलीच नाही. “विकून टाकू,” हे म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, “विका बाई. मला काय, मी घरीच बरी.” त्या वाक्याने मला रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या काकांकडे गेले. काका लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सारी नोकरी गाड्या आणि रणगाडे दुरुस्त करण्यात गेलेली. आमचे नगर म्हणजे तसे गाड्यांचेच गाव. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र इथे, रणगाड्यांचे संग्रहालय इथे, लष्करी वाहनांची परीक्षा घेणारी व्ही.आर.डी.ई. ही संस्था इथे. लुना बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखानाही इथलाच. अशा गावात बॉनेटखाली डोकावायला मी पस्तिशीपर्यंत थांबले, याची मला जरा लाजच वाटली.

काकांनी इंजिन चालू केले, नुसते ऐकले आणि विचारले, “सूनबाई, आमटी बेचव लागली की तुम्ही लगेच मीठ टाकता? की आधी डाळ शिजली का, फोडणी बसली का, ते बघता? स्क्रू म्हणजे मीठ. ते शेवटी. तिघांनी आधी मीठच घातलं तुमच्या आमटीत!”

मैत्रिणींनो, आजच्या लेखाचे सार एवढेच आहे. पण “आधी” काय बघायचे, ते नीट समजून घेऊ.

ज्योत निळी हवी

आपल्या गॅसच्या शेगडीची ज्योत निळी, स्थिर असली की आपण निश्चिंत असतो. ती पिवळी झाली, भांड्याची बुडे काळी व्हायला लागली की समजावे, गॅसला हवा पुरत नाही. उलट ज्योत बर्नरवरून उचलली जाऊन फडफडायला लागली, तर हवा जास्त होते आहे. गाडीच्या इंजिनातही नेमके हेच चालते. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून देणारे भांडे म्हणजे कार्ब्युरेटर. एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. हवा कमी पडली तर मिश्रण दाट, जास्त झाली तर पातळ.

दाट मिश्रणाची लक्षणे: पेट्रोलचा वास, काळा धूर, काजळी, पेट्रोलचा खप वाढणे, गाडी “जड” आवाजात एका लयीत वरखाली होणे. पातळ मिश्रणाची लक्षणे: थडथड, मध्येच फटफट, पाय उचलला की बंद पडणे, थंड असताना चालू व्हायला त्रास.

गाडी उभी असताना, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिन जे मंद चालत राहते, त्याला “स्लो” किंवा “आयडलिंग” म्हणतात. त्या वेळी मोठी झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन एका बारीकशा छिद्रातून येणाऱ्या मिश्रणावर तग धरून असते. म्हणून एरवी खपून जाणारा बारीकसा दोषही तिथे लगेच उघडा पडतो. मंद आचेवर दूध ठेवल्यावर शेगडीचा दोष कळतो ना, तसेच.

पहिली परीक्षा: चोक

दाट की पातळ, हे ओळखायला काकांनी दाखवलेली युक्ती इतकी सोपी आहे की आपली कोणीही मैत्रीण करू शकेल. गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून पुरती गरम करा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये. इंजिन थडथडत असताना चोकची मूठ अगदी थोडीशी बाहेर ओढा. चोक ओढला की मिश्रण दाट होते. आता, इंजिन सुधारले, थडथड कमी झाली, तर समजा मिश्रण मुळात पातळ होते. उलट आणखी बिघडले, गुदमरले, तर ते आधीच दाट होते. आमच्या गाडीचा दुसऱ्या मेकॅनिकने सैल केलेला स्क्रू काकांनी पूर्वीच्या जागी आणला आणि मग चोक ओढून पाहिला. इंजिन एकदम शहाण्यासारखे चालायला लागले. म्हणजे रोग पातळपणाचा. दुसऱ्या मेकॅनिकने वरून पेट्रोल वाढवून तो झाकला होता, इतकेच.

जाता जाता, मूठ आत ढकलल्यावर चोकची तार पूर्ण परत जाते का, तेही बघा. जुन्या गाडीत ती गंजून अडकते आणि चोक अर्धवट लागलेलाच राहतो. मग आपण पेट्रोल पीत असल्याचा दोष बिचाऱ्या कार्ब्युरेटरला देतो.

मग क्रमाने

1. एअर फिल्टर. आपल्याकडच्या फुफाट्यात तो फार लवकर चोंदतो. चोंदला की हवा कमी, मिश्रण दाट. बाहेर काढून उजेडासमोर धरा. उजेड दिसत नसेल तर नवा घाला. खर्च थोडा, गुण मोठा.

2. प्लग. हे इंजिनाची जीभच म्हणा. इंजिन थंड झाल्यावर काढून बघा. टोक कोरडे काळे, काजळी लागलेले असेल तर मिश्रण दाट. पांढरट असेल तर पातळ. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखे तांबूस असेल तर उत्तम. तेलकट ओले असेल तर मात्र इंजिनात ऑइल जळते आहे, आणि ते काम स्क्रूने सुटणारे नाही. चारही प्लग एका रांगेत, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून मांडा. एकच वेगळा दिसला तर दोष त्या एका सिलिंडरचा, सगळ्या मिश्रणाचा नव्हे.

3. करंट. ठिणगीच नीट पडत नसेल तर मिश्रण कितीही चांगले असो, काय उपयोग? जुन्या गाडीत डिस्ट्रिब्यूटरमध्ये “पॉइंट” असतात. ते झिजतात, जळतात, त्यांतले अंतर बदलते. अंतर किती हवे, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. तेवढे मेकॅनिककडून आपल्यासमोर मोजून घ्या. कार्ब्युरेटरच्या नावाने बिले फाडलेल्या कितीतरी गाड्यांचा खरा रोग पॉइंट आणि कंडेन्सरमध्ये निघतो, असे काका म्हणाले.

4. चोरहवा. आमच्या गाडीचा रोग निघाला तो इथे. कार्ब्युरेटर इंजिनाच्या मॅनिफोल्डवर जिथे बसतो, तिथे एक पॅकिंग असते. ते आकसले, नट सैल झाले किंवा एखादी रबरी नळी तडकली की तिथून हवा गुपचूप आत शिरते. कार्ब्युरेटरला तिचा पत्ता नसतो, म्हणून तिच्या वाटचे पेट्रोल तो देत नाही. मिश्रण पातळ! कुकरची रिंग सैल झाल्यावर कितीही आच वाढवली तरी शिटी होत नाही, तशातली गत.

ही चोरहवा शोधायला काहीजण पेट्रोल किंवा कसलासा फवारा गरम इंजिनावर मारतात. तुम्ही चुकूनही असे करू नका, भडका उडेल. काकांनी माझी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली मागवली, तीत साबणाचे पाणी भरले आणि इंजिन चालू ठेवून पॅकिंगच्या जोडावर जरासे शिंपडले. डिस्ट्रिब्यूटर आणि वायरींवर पाणी जाऊ द्यायचे नाही, एवढे पथ्य. एका कोपऱ्यात फेस आत ओढला गेला आणि त्याच क्षणी इंजिनाचा सूर बदलला. सापडला चोर! एक नट सैल होता आणि खालचे पॅकिंग वाळलेल्या चिंचोक्यासारखे कडक झाले होते. नवे पॅकिंग शंभर रुपयांच्या आत आले. आणि हो, अशा वेळी तो एकच नट जोर लावून आवळायचा नाही. सगळे थोडेथोडे, आळीपाळीने आवळायचे. नाहीतर कार्ब्युरेटरचे बूड वाकते आणि चोरवाट कायमची होते.

5. स्लोचा जेट. पितळेचा, बारीक भोकाचा. त्यात कचरा अडकला की मंद चालताना पेट्रोल मिळत नाही, पण रेस दिली की गाडी ठीक. तो काढून हवेने साफ करतात. आता रॉकेलचा स्टोव्ह वापरलेल्या आपल्या हाताला सवय असते ती पिन घालायची. इथे ती मोडा! पिनेने पितळेचे भोक केसभर जरी मोठे झाले तरी मिश्रणाचे माप कायमचे चुकते.

आपला ऊस आणि आपली गाडी

आता एक गोष्ट, जी मामंजींच्या वेळी नव्हती. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आपल्या जिल्ह्यात, प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केला. धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थतज्ज्ञाची त्यांना साथ होती. 1950-51 च्या हंगामात तिथे गाळप सुरू झाले. तेव्हा उसापासून साखर आणि मळी निघे. आज त्याच उसापासून इथेनॉल निघते आणि ते आपल्या पेट्रोलमध्ये मिसळले जाते. 2023 च्या फेब्रुवारीत देशात 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि 2025 पर्यंत ते सगळीकडे पोचले. म्हणजे ज्या उसाच्या ट्रॉलीखाली आम्ही सापडता सापडता वाचलो, त्यातलाच थोडा ऊस आमच्या टाकीतही होता म्हणायचा!

शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, बाहेरून तेल कमी आणावे लागते, हे चांगलेच आहे. पण जुन्या गाडीच्या बाईने तीन गोष्टी जाणून असाव्यात.

पहिली, इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असतो, वजनाने जवळजवळ 35 टक्के. त्यामुळे एक किलो इथेनॉल जळायला फक्त 9 किलो हवा पुरते. नव्या गाडीतले यंत्र हे स्वतः ओळखून माप बदलते. आपला कार्ब्युरेटर मात्र जुन्या सुगरणीसारखा, ठरलेल्या वाटीने मोजणारा. त्याला बदल कळत नाही आणि मिश्रण आपोआप थोडे पातळ पडते. पूर्वी कशीबशी चालणारी गाडी हल्ली एकाएकी थडथडू लागली असेल, तर हे एक कारण असू शकते. आमच्याकडे चोरहवेचा पातळपणा आणि इथेनॉलचा पातळपणा असे दोन्ही एकत्र झाले होते.

दुसरी, जुन्या गाडीतले रबर या पेट्रोलसाठी बनवलेले नाही. पेट्रोलच्या नळ्या, पंपातला पडदा, वॉशर हे फुगतात किंवा तडकतात. पेट्रोलची नळी हाताने दाबून बघा. कडक, चिरा पडलेली किंवा लिबलिबीत झालेली वाटली तर आजच बदला, आणि दुकानदाराला “इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारी द्या” असे स्पष्ट सांगा. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीला आमंत्रण.

तिसरी, इथेनॉल पाणी ओढून घेते. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी राहिली तर हवेतला ओलावा आत जातो. फार पाणी झाले तर ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसते आणि नेमके तेच आधी इंजिनाकडे जाते. शिवाय टाकीतला जुना गाळ, गंज सुटून फिल्टर चोंदतो. म्हणून गाडी आठवड्यातून एकदा तरी थोडी फिरवावी, फार दिवस उभी ठेवायची असेल तर त्याप्रमाणे व्यवस्था करावी आणि पेट्रोलचा फिल्टर वेळेवर बदलावा.

आता मीठ

वरचे सगळे झाल्यावरच स्क्रूला हात लावायचा. साहित्य: बारीक व मध्यम स्क्रूड्रायव्हर, फडके, कागद-पेन्सिल आणि आपल्या ड्रेसिंग टेबलवरची नेलपॉलिशची बाटली.

कार्ब्युरेटरवर दोन स्क्रू असतात. एक झडपेच्या दांड्यावर टेकलेला, तो रेसचा. दुसरा खालच्या बाजूला, बहुधा स्प्रिंग घातलेला, तो मिश्रणाचा. आमच्या सोलेक्स कार्ब्युरेटरवर तो आत फिरवला की पेट्रोल कमी होते, बाहेर सोडला की वाढते. (स्कूटर-मोटारसायकलच्या काही कार्ब्युरेटरवर तिथे हवेचा स्क्रू असतो आणि तो याच्या उलट चालतो. तेव्हा आधी विचारून घ्या.)

कृती अशी. दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावर आणि बाजूला नेलपॉलिशचा ठिपका द्या. म्हणजे बिघडलेच तर मूळ जागी येता येते. इंजिन पुरते गरम, चोक पूर्ण आत, दिवे-पंखे बंद. आता मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या. दर वेळी हात थांबवून चार-पाच सेकंद ऐका. एका टप्प्यावर इंजिन अडखळेल. तिथून पाव-पाव फेरा बाहेर सोडत या. आवाज भरत जाईल, वेग वाढेल. आणखी सोडला तर तो जडावेल, लंगडत चालल्यासारखा होईल. या दोन टोकांच्या मध्ये जिथे सूर सर्वांत भरलेला आणि एकसारखा लागतो, तिथे थांबा. वेग जास्त वाटला तर रेसचा स्क्रू किंचित कमी करा आणि मिश्रण पुन्हा एकदा ऐका. दोन-तीन वेळा असे केले की जमते. किती फेरे झाले, ते कागदावर लिहून ठेवा.

हा स्क्रू पार आत जाईपर्यंत कधीही आवळू नका. त्याचे टोक सुईसारखे असते. त्याला एकदा कड पडली की सूर पुन्हा लागत नाही.

पाव फेऱ्याने काहीच फरक पडत नसेल, किंवा चार-पाच फेरे सोडल्याशिवाय इंजिन टिकतच नसेल, तर समजावे, दोष दुसरीकडे आहे. परत पहिल्यापासून तपासा. तिथे स्क्रूशी भांडू नका.

शेवटी पी.यू.सी. करून घ्या. ही तपासणी गाडी उभी असताना, स्लोमध्येच होते, म्हणून आपण केलेल्या कामाचा निकाल तिथे आकड्यांत मिळतो. 2000 सालापूर्वीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा 3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 1500 आहे. आमचा आकडा पूर्वी साडेचारच्या वर गेला होता, तो आता दोनच्या आत आला. पावती टाकून देऊ नका, जपून ठेवा. पुढच्या सहा महिन्यांनी तिच्याशी ताडून पाहता येते.

जिवाला जपून

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम कधीही करू नका. कार्बन मोनॉक्साईडला ना रंग, ना वास. झोप आल्यासारखे वाटते आणि माणूस उठत नाही. गाडी उघड्यावर, मुले लांब. साडीचा पदर, ओढणी, वेणी घट्ट खोचून घ्या. पंख्याच्या पट्ट्याला दयामाया नसते. हातातल्या बांगड्या, अंगठी, लोंबते मंगळसूत्र काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांना धातू लागला तर क्षणात लालबुंद होतो. उदबत्ती, काडी, सिगारेट जवळ नको. वाळूची एक बादली हाताशी हवी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

मोटार हल्लीची, इंजेक्शनची असेल तर यातले स्क्रू तिथे शोधू नका. तिचे माप संगणक ठरवतो. तिला तपासणीचे यंत्र लावूनच बघावे लागते. मात्र एअर फिल्टर, प्लग आणि चोरहवा या गोष्टी तिलाही लागू आहेतच.

आणि हे सगळे स्वतः करावे असा माझा मुळीच आग्रह नाही. प्लग-पॉइंट मीही मेकॅनिककडूनच करून घेते. पण आता तिथे गेल्यावर मी “गाडी नीट चालत नाही” असे म्हणत नाही. मी सांगते, “गरम झाल्यावर स्लोमध्ये मिसिंग मारते. चोक थोडा ओढला की सुधारते. फिल्टर नवा आहे. आधी चोरहवा बघा, स्क्रूला हात लावू नका. काढलेला भाग मला परत द्या.” एवढे चार शब्द ऐकले की समोरच्याचा सूर बदलतो. डॉक्टरकडे बाळाला नेताना ताप कधीपासून, शी कशी, हे आपण सांगतो ना? तसेच हे.

पद्मिनीचे दिवस आता संपत आले, हे मला कळते. कुर्ल्याच्या कारखान्यातून नवी गाडी निघणे बंद होऊन पंचवीस वर्षांच्या आसपास झाली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आमचीही कधीतरी होईल. पण ती निवृत्त व्हायची तर म्हातारपणाने व्हावी, शंभर रुपयांच्या पॅकिंगपायी नव्हे.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी पुन्हा कोल्हारला गेलो. राहुरीजवळ तोच गतिरोधक आला. मी पाय उचलला. माझ्या छातीत धडधडत होते, इंजिन मात्र शांतपणे चालत राहिले. मागून सासूबाई म्हणाल्या, “बंद पडली का गं? आवाज येत नाही.” मी म्हटले, “नाही आई, चालू आहे.” त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने पिशवीतून आलेपाकाची वडी काढून त्यांनी पुढे केली.

तुमच्याकडेही अशी जुनी गाडी असेल तर या रविवारी चोकची परीक्षा तेवढी करून पाहा आणि काय आढळले ते मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात उन्हाळी वाळवणाकडे वळू या. सांडगे-कुरडया काळ्या का पडतात, ते पाहू.